बाहेर उणे चौतीस

तौनोने काही लिहून दिलं नाही.
हॉस्पिटलच्या खाटेवरून फोनवर सांगितलं,
खोकत, मध्येच नर्सशी हुज्जत घालत:
"खणाला हात लावायच्या आधी
हाताला उंदराचा वास नाही ना, एवढं बघ.
बाकी साप काही करत नाहीत.
करते ती वीज."

तळघरात अकरा खण, एकावर एक,
आईच्या बटणांच्या कपाटासारखे.
प्रत्येकाच्या तळाखाली, मागच्या अंगाला,
एक चपटी काळी पट्टी, पंजाएवढी रुंद,
आणि पट्टी नि खण यांच्यामध्ये
नाणं सरकेल इतपत फट.
"ती बुजवू नकोस," तो म्हणाला,
"उष्णतेलाही कूस बदलायला जागा लागते."
मागे ऊब, पुढे गारवा.
कुठे पडायचं ते सापाने आपलं आपण ठरवायचं.
आमच्या घरात ही मुभा
कुणालाच नव्हती.

मी आयली, त्याची थोरली बहीण.
थंडर बेला, सरोवराकाठी, धान्याच्या कोठारांच्या सावलीत
एकसष्ट हिवाळे काढले.
हिवाळ्याशी माझं बरं जमतं.
सापांशी नाही.
तरी सकाळ-रात्र खाली उतरते,
ते पिस्तुलासारखं यंत्र खणाच्या तळावर रोखते.
लाल ठिपका पडतो, आकडा येतो:
एकतीस. बत्तीस. एकतीस.
वहीत मांडते,
वर शेरा लिहीत नाही.

जानेवारीतली ती रात्र.
खिडकीला आतून बर्फ धरलेला,
आणि यंत्र म्हणालं: चौतीस.
पुढच्या खणाला पस्तीस.
भिंतीवरचा थर्मोस्टॅट मात्र
बारा अंश दाखवत, दिवा लावून,
इमानेइतबारे तापवत बसलेला.

गुडघ्यावर बसले, मागे हात घातला.
सेन्सरची तार पट्टीवरून सुटून
खाली पडली होती, काँक्रीटला गाल लावून.
खोटं बोलत नव्हता बिचारा.
जमीन खरोखरच बारा होती.
त्याला विचारलं होतं खणाचं,
तो सांगत होता जमिनीचं,
आणि वर बसलेला मालक
त्याच्या शब्दावर आग वाढवत होता.

छत्तीस.
साप पोटाने भाजतो आणि सांगत नाही.
उठून बाजूलाही होत नाही पुष्कळदा,
तौनोने हे दोनदा सांगितलं होतं.
मी प्लगकडे धावले, पायात वही आली,
आणि तेवढ्यात भिंतीवर
टक्.

दुसरा थर्मोस्टॅट.
वेगळा सेन्सर, वेगळी तार,
चढावर चाकामागे लावलेल्या दगडासारखा
चार वर्षं नुसता बसून होता.
त्याच्या किमतीवरून मी तौनोला बोलले होते,
नाताळच्या जेवणात, सगळ्यांदेखत.
तो बटाटे कुस्करत म्हणाला होता,
"पहिला चुकेल, आयली.
कधी, एवढंच माहीत नाही."

सातव्या खणातली मुस्तिक्का, वीस वर्षांची म्हातारी,
बरोबर पट्टीच्या डोक्यावर वेटोळं घालून.
तिला मी उचललं.
कसं, ते विचारू नका.
दिव्याखाली पोट फिरवून बघितलं:
पिवळसर पांढरं, खवला न् खवला जागच्या जागी.
ती माझ्या मनगटाभोवती सावकाश फिरली,
माझा हात तिला
नुसती एक कोमट फांदी.

प्लग काढला. पट्टी निवू दिली.
सेन्सर पुन्हा पट्टीला टेकवून चिकटवला,
वरून एक टेप, तारेला वेगळी टेप,
कुणी ओढली तरी ओढ टोकापर्यंत जाऊ नये म्हणून.
मग पुन्हा चालू करून
तीन वाजेपर्यंत पायरीवर बसले.
एकोणतीस. तीस. एकतीस. एकतीस.

सकाळी फोन केला.
सगळं ऐकून घेतलं त्याने,
शाबासकी नाही, दम नाही.
"फट?"
आहे, म्हटलं.
"नाणं घालून बघ."

बघितलं. दहा सेंटांचं, शिडाच्या होडीचं.
सरकलं, मागे जाऊन पडलं,
लाकडी पट्टीने अर्धा तास काढत बसले,
कारण धातू तिथे राहू द्यायचा नाही.
आता ते वहीला चिकटवलंय,
जानेवारीच्या पानावर.
नाहीतर दुकानात
चुकून देऊन टाकेन.