मूळ प्रत

चाळीस वर्षं मी लोकांच्या चुका पकडून पोट भरलं.
ऱ्हस्व, दीर्घ, उडालेला अनुस्वार,
लग्नपत्रिकेत वराच्या जागी छापलेला सासरा.
रावपुऱ्यातल्या छापखान्यात
दिगंबर रसाळ मोठ्यानं मूळ प्रत वाचायचा,
स्वल्पविरामासकट,
आणि मी प्रुफावर बोट ठेवून मागोमाग.

आता मांजलपूरला, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या.
बानाखत झालं.
कुमुदिनीनं ओट्याची उंची मोजून घेतली.
एकतीस वर्षं दुसऱ्याच्या ओट्यावर वाकल्यावर
ते माप तिनं कुणाला घेऊ दिलं नाही.

मंगळवारी मेल आला, वकीलबाईंच्या नावानं.
विकणाऱ्याचं खातं ऑडिटमध्ये अडकलंय,
उरलेले अठरा लाख चाळीस हजार
खालच्या खात्यात भरा, आज चारच्या आत.
मी कोर्टात आहे, फोन लागणार नाही.
फ्लॅटचा नंबर बरोबर. रक्कम रुपयापर्यंत बरोबर.
कुमुदिनीचं नावही होतं, आणि शुद्ध.

मी वाचला. दोनदा वाचला.
एकही चूक सापडली नाही.

बँकेत फॉर्म भरला, दोरीला बांधलेल्या पेनानं.
पुढे तीन माणसं. घड्याळात तीन वीस.
उभ्या उभ्या आकडे ताडायला घेतले, सवयीनं,
फॉर्म मेलशी, मेल फॉर्मशी,
आणि रसाळ आठवला, तपकिरीचं बोट नाचवत:
प्रूफ प्रुफाशी काय ताडतोस, गाढवा,
मूळ प्रत कुठाय?

मूळ प्रत पिशवीत होती.
बानाखताच्या पाठीवर हर्षिदाबेननी
माझ्यासमोर बसून, स्वतःच्या हातानं लिहिलेला नंबर.
मेलखालचा वेगळा होता.
मी रांग सोडली.
मागचा माणूस लगेच पुढे सरकला.

चौथ्या घंटीला उचलला.
"काका, मोकलता नहीं! खातुं तो ए ज छे,
में कशुं लख्युं नथी."
बाकावर बसलो. पाणी कुणी दिलं, आठवत नाही.

रात्री भिंग घेऊन पाहिलं.
पत्त्यातला एम हा एम नव्हताच.
आर आणि एन, अंगाला अंग चिकटवून
एका घोंगडीखाली निजलेले.
आठ पॉइंटातल्या तळटीपा मी कधी सोडल्या नाहीत,
आणि हा सुटला.
कुमुदिनी म्हणाली, झोपा आता.
दिवा तिनंच मालवला.

बुधवारी मीच फोन लावला,
त्याच हस्ताक्षरातल्या नंबरावर.
त्या एकेक आकडा वाचत गेल्या,
मी बोट ठेवून मागोमाग.
शून्य. शून्य. सात. परत सात.
शेवटच्या आकड्याला माझ्या तोंडून गेलं, पूर्णविराम.
"शुं?" त्या म्हणाल्या.
काही नाही, म्हटलं.
आधी एक रुपया पाठवतो.
पोचला असं त्यांनी स्वतः सांगू दे,
मग बाकीचे.