अंक एक्केचाळीस

आण्णांचं दुकान भुसावळला, रेल्वे क्वार्टर्सच्या तोंडाशी.
भाड्यानं पुस्तकं. पंचवीस पैसे रोज,
पान फाटलं तर दहा पैसे दंड.
सुतळीवर पाय फाकून लटकलेले
लोहपंखाचे अंक,
आणि रविवारी दुपारी माझं काम :
पोरांनी समासात लिहिलेलं खोडायचं.

बाकीच्या अंकांत मिशा काढलेल्या असत,
शिव्या, बदामातली नावं.
एक्केचाळिसाव्यात मतं असायची.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल, नसेलही :
पूल खचलाय, मेल पुलाशी आलीय,
आणि त्याच घटकेला पाण्याच्या टाकीवरून
लोहपंखाचा धाकटा भाऊ पडतोय.
पंख दोन आहेत, पण उडणारा एकच.
तो मेल धरतो.
शेवटच्या चित्रात अंगणातली तार,
तारेवर धुऊन टाकलेला झगा,
एकच चिमटा.
शब्द नाही.

“चुकला हा. भाऊ म्हंजे भाऊ.” — भंगाळे, सहावी ब.
खाली दुसरं अक्षर :
“अन् मेलमधी तुही माय राहती तं?”
खाली परत भंगाळे :
“माही माय यष्टीनंच जाते.”

एक मत निळ्या पेनातलं, थुंकी लावूनही न गेलेलं :
“अठरा डब्यांची गाडी एवढ्यात थांबत नसते.
पाऊण किलोमीटर तरी हवा.
चित्रकारानं एकदा शेडमध्ये यावं. चहा पाजू.”
— परेरा, ड्रायव्हर, आणि सहीखाली दोन रेघा.

यावलकडून बाजाराला येणारा हुसनोद्दीन तडवी
पायरीवर बसून फुकट वाचायचा.
लिहायचा नाही, तोंडीच सांगायचा :
“आण्णा, तो भाऊ पडता पडता वर काबरं नाई पाहात?
पाह्यलं असतं तं यानं गाडी सोडली असती.
म्हनूनच नाई पाह्यलं त्यानं.”
आण्णा म्हणाले, पान उलट भो, मागं गिऱ्हाईक आहे.

मी संध्याकाळी कंदील जवळ घेऊन पाहिलं.
मान खाली होती खरी.
चित्रकाराला तो चेहरा जमला नसेल,
किंवा छापखान्यात शाई फुटली असेल.
तरी त्या आठवड्यात मी
पायऱ्या उतरताना वर पाहत नव्हते.

सुलभा मेढेनं मात्र कव्हरच्या आत,
शाळेच्या अक्षरात, शुद्धलेखन सांभाळून लिहिलेलं :
“मला इतकंच विचारायचं आहे की
झगा धुतला कोणी?
घरात तर आता कुणी उरलं नाही.”
ते खोडायला रबर टेकवलं
आणि ठेवून दिलं.

कागद घासला की आधी गरम होतो,
मग त्याला लव फुटते, मग तो पातळ होत जातो.
भंगाळेचं भांडण वर्षभर चाललं,
दर रविवारी मी ते मिटवायची,
दर बुधवारी ते परत यायचं, नव्या पेन्सिलीनं.

घरोघर टीव्ही आले, आण्णांनी फळ्या विकल्या.
हा अंक कुणी विकत घेईना. माझ्याकडेच राहिला.
परवा खिडकीशी उघडला :
पान बाविसावर लोहपंख मेल धरून उभा,
आणि छातीच्या जागी, जिथं मी सगळ्यात जास्त घासलं,
पाठच्या पानावरचा मुलगा दिसतो,
खाली मान घालून पडणारा, उलटा छापल्यासारखा.

हे मी केलंय, चित्रकारानं नाही.
पान फाटल्याचा दंड दहा पैसे.
पातळ केल्याचा आण्णांनी कधी ठरवलाच नव्हता.