विनिफ्रेडची बेकरी

रात्री अकराला, ऐरोलीच्या सिग्नलपाशी,
अंडाभुर्जीच्या गाडीवर आम्ही भांडायचो
विनिफ्रेडवरून.

कोण विनिफ्रेड, भुर्जीवाल्याने एकदा विचारलं.
तबस्सुम म्हणाली, आमच्या गल्लीतली.

गल्ली उन्हाळ्यात साडेचार तास मागे असलेली,
हिवाळ्यात साडेपाच.
लाल विटांची, कायम ओली,
एक बेकरी, एक गुत्ता,
आणि चाळीस वर्षं कुणीच आतून न लावलेल्या कड्या.

ट्रेनिंगच्या बाई म्हणाल्या होत्या,
पुस्तकातलं इंग्रजी विसरा, ही मालिका बघा,
गॅसच्या बिलावरून ओरडणारी माणसं अशीच बोलतात.
बघितली. चार भाग एक अक्षर कळलं नाही.
पाचव्यात विनिफ्रेड मैदा मळता मळता रडली,
ते सगळं कळलं.

मग एकोणीस वर्षांनी तिचा नवरा परतला,
लेस्ली, एका बॅगेसकट.
दिवा गावचा पद्माकर म्हात्रे पाव आपटून म्हणाला,
"तिनी त्याला घरान घ्यालाच नको व्हता."
तबस्सुम म्हणाली, घर तिचं, मैदा तिचा, तू कोण?
सायमन म्हणाला, थांबा, अजून त्याचा जुळा भाऊ यायचाय.
मी कांदा बाजूला काढत राहिले.
आमच्याकडेही कोपरखैरण्याला एक माणूस आला होता असाच.
आईने चहा ठेवला होता. दोन कप.

ज्या आठवड्यात बेकरी जळली
त्या गुरुवारी हडर्सफील्डहून मिसेस ॲकरॉइड लागल्या,
बिल दुप्पट आलंय म्हणून.
त्यांच्या मागे टीव्हीवर तीच धून.
माझं त्या खुर्चीतलं नाव वेंडी.
स्क्रिप्टमध्ये होतं, आणखी काही मदत करू शकते का?
मी विचारलं, आग कुणी लावली असेल?

पलीकडे इतका वेळ शांतता
की मला वाटलं, नोकरी गेली.
मग म्हातारी म्हणाली, तिनेच.
चाळीस वर्षं पहाटे चारला उठतेय पोरी,
तिलाही कधीतरी झोपावंसं वाटलं असेल.

चौदा मिनिटं बोललो. बिल तसंच राहिलं.
क्वालिटीवाल्यांनी रेकॉर्डिंग ऐकून लिहिलं:
विषयांतर. सहानुभूती दहापैकी दहा.
बाकी सगळीकडे शून्य.

मार्चमध्ये आमचं काम मनिलाला गेलं.
शेवटच्या आठवड्यात पद्माकर गाडीवर उशिरा आला,
हात न धुताच म्हणाला,
तुझी म्हातारी लागली होती मला.
वेंडी आहे का विचारत होती.
मी म्हटलं, वेंडी जेवायला गेलीय.
म्हणाली, तिला सांग, मी बरोबर होते.
कालच्या भागात विनिफ्रेडने कबूल केलं.

कुणीच बोललं नाही. तव्यावर मिरची तडतडली.
मग पद्माकरच,
"तरी पन त्याला घरान घ्याला नको व्हता."
आणि भांडण परत सुरू, बिल देईपर्यंत.

घरी पोचले तेव्हा साडेबारा.
आई ओट्याशेजारीच चटईवर झोपलेली,
बोटांच्या पेरांत कणीक सुकलेली,
उशाशी चारचा गजर लावलेला मोबाइल.
सोळा डबे असतात तिचे, आयटी पार्कातले.

मी गजर बंद केला.

सकाळी सातला जी काही बोलणी खाल्ली
ती लिहिण्यासारखी नाहीत.
एकही डबा वेळेवर गेला नाही.