निवडणं-टिपणं

रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी
मंदाकिनीबाई पागधरे एक गोष्ट पाठवतात.
एकच. दोन कधी नाही.
कधी अँटॉप हिलच्या पिठाच्या गिरणीतली दरपाटी,
जिथं बाजरीपुढचा भाव
सात वेळा पुसून आठव्यांदा लिहिलाय;
कधी वडाळ्याच्या थर्मासवाल्याचा आवाज,
बावीस सेकंद,
मागची कुकरची शिट्टी तशीच ठेवून.
खाली दोन ओळी : कुठे मिळालं, कुणी दिलं.
बस.

मी शीवच्या इस्पितळात रात्रपाळीला एक्स-रे काढतो.
दिवसभर माझ्या फोनवर गुलाब उमलतात,
सुविचार गळतात,
लिंबू-मधाचा एकच रामबाण
चौदा नातेवाइकांकडून चौदा वेळा येतो.
मी अंगठ्यानं सारत राहतो,
आमटीतला कढीपत्ता सारावा तसा.
दहा-दहाला मात्र
यंत्राच्या खोलीबाहेर येऊन उभा राहतो.

बाई पोर्ट ट्रस्टच्या दफ्तरखान्यात होत्या, एकतीस वर्षं.
कुठला कागद राखायचा, कुठला लगद्याला द्यायचा,
हे ठरवण्याचं काम.
एकदा विचारलं, रोज किती येतं तुमच्याकडे?
म्हणाल्या, साठ-सत्तर.
मग उरलेलं?
"तांदूळ निवडताना खडे मोजतोस का रे?"
आणि थोड्या वेळानं, जरा खालच्या आवाजात :
"सगळे खडे नसतात.
चांगले दाणेही टाकावे लागतात.
झोप त्यांच्यामुळे येत नाही."

कंटाळून गेले काही जण.
माझा मेव्हणा गेला. "रोज एकच? मग मजा काय?"

एकदा बाई चुकल्या.
भाऊच्या धक्क्यावरचा मासा, पाटीत, रुपेरी,
खाली लिहिलं : लहान घोळ.
पाचव्या मिनिटाला धनूबाई नाखव्यांचा आवाज,
"बाय, ही ढोमी हाय.
घोळ असती त मी फोनवर बोलत बसली असती?
सोनाराकडं नसती गेली?"
आम्ही पोट धरून हसलो.
कुणी म्हणालं, पुसून टाका, कोण बघतंय.
दुसऱ्या रात्री दहा-दहाला तोच मासा पुन्हा.
खाली : ढोमी. काल मी चुकले.
सांगणाऱ्या धनूबाई नाखवा, ट्रॉम्बे कोळीवाडा.
त्या रात्री नवीन काही आलं नाही,
आणि कुणी मागितलंही नाही.

मग एका बिल्डरचा माणूस घरी आला, पेढे घेऊन.
रोज नको, महिन्यातून एकदा, फ्लॅटचं एक चित्र,
तीनशे सतरा माणसं आहेत की तुमची!
"माझी कुठली?" बाई म्हणाल्या, "दहा-दहाची आहेत."
पेढे मात्र ठेवून घेतले.

परवा पहाटे चार वर्षांचा पोरगा आला,
नाणं गिळलेला.
काचेवर फिल्म लावली तर
बरगड्यांच्या मधोमध चंद्र.
चार आणे, जे आता बाजारात चालतही नाहीत.
हात फोनकडे गेला.
तीनशे सतरा जण थक्क झाले असते.
पण तो चंद्र त्या पोराचा होता,
माझ्याकडे फक्त बघायला आलेला.
फिल्म पाकिटात घातली.

बाहेर बाकावर त्याची आई.
एका पायात तिची चप्पल,
दुसऱ्यात नवऱ्याची, दोन बोटं मोठी.
नाणं निघाल्यावर तिलाही ते दिसलं,
आणि ती इतकी हसली
की मी विचारलं, फोटो काढू? फक्त पायांचा?
म्हणाली, काढा की, कुणाला कळणारे.

बाईंना पाठवला.
दोन ओळी लिहायला पाऊण तास लागला.

त्या रात्री आली कुणाची तरी गंजलेली किल्ली.
काल, शिवडीच्या एका न्हाव्याची खुर्ची.
आज नऊ पन्नास झालेत.
साठ-सत्तरांत असतील त्या चपला कुठंतरी,
कदाचित खड्यांत,
कदाचित झोप न येऊ देणाऱ्या दाण्यांत.

आत एक खांदा थांबलाय.
त्याला म्हटलं, श्वास धरा, हलू नका,
आणि घड्याळाकडे पाहिलं.