कारण : एकच लिहा

नर्सिंग कॉलेजची पोरगी आलीय बेळगावहून.
पायरीवर बसलीय, मांडीवर फळी, फळीवर कागद.
"तांबी का बसवली, आक्का? एकच कारण सांगायचं.
नवरा, सासू, आशाताई, खर्च, का इतर?"
चौकोन एवढाएवढासा.
मसुरीचा दाणा बसंल त्यात. मी कसा बसू?

(आमच्याकडं बाईपण "मी आलो, मी बसलो"च म्हणते.
पुण्यात दिलेली वन्सं हसते दरवेळी. हसू दे.)

कुठनं सुरू करू?
धाकटी अंगावर पीत होती आणि पाळी लांबली.
बेळगुंदीच्या माळावर, रताळ्याच्या वेलांत उभं राहून
सतरा दिवस मी बोटं मोजलो.
अठराव्या दिवशी आली. बांधावर बसून रडलो.
वेल कापणाऱ्या बायका धावत आल्या, कोण गेलं गं?
कोण गेलं नाही, म्हटलो.
कोण येत नाही, म्हणून रडूलालोय.

जाऊ म्हणाली, ती वर चढते, काळजात जाऊन रुतते.
किणयेच्या एका बाईची म्हणे एक्स-रेत दिसली.
आशाताई यल्लूबाईनं तोंडातलं पान थुंकलं :
"आठ वर्षं झाली माझी. काळजात चढलंय
ते थकलेलं मानधन, दुसरं काय नाही."

भरमाणी उद्यमबागेत, फौंड्रीला.
जेवताना विचारला, "तांब्यावर हिरवं चढतंय की.
आत चढत नाही?"
मला ठाऊक नव्हतं. सिस्टरकडनं नमुना मागून आणलो.
बल्बखाली धरून तो बोटांत फिरवत बसला,
कास्टिंगमधली केसाएवढी भेग शोधतात तसा.
"फिनिशिंग चांगलं हाय."
एवढंच बोलला आणि ताट पुढं ओढला.
ह्याला परवानगी म्हणायचं का, पोरी? तूच सांग.

सासूला नातू पाहिजे.
दोन पोरींवरनं ती काय बोलत नाही,
फक्त पाळण्याची दोरी तुळईवरनं सोडत नाही.
तिला सांगितलो, पाच वर्षांची आहे, मग काढतात.
कार्डावर महादेवी सिस्टरनं दहा लिहिलंय.
आकड्यात नाही, अक्षरात. कन्नडमध्ये. हत्तु.

उतारा कन्नड, पाणीबिल कन्नड, बसची पाटी कन्नड,
जन्मभर बोंबललो आम्ही त्यावर.
पहिल्यांदाच त्या गोल गोल अक्षरांनी
माझी बाजू घेतली.

सासूला वाचता येत नाही.
मला हत्तु तेवढं येतं, बाजारात शिकलो.
भरमाणीला सगळं येतं.
कार्ड हातात घेऊन तो बराच वेळ उभा होता.
मग घडी घातला, गाडीच्या कागदांच्या पाकिटात सरकवला
आणि आईला म्हणाला, "होय की. पाच."

त्या रात्री कंबर ठणकत होती.
सासू उठली, तव्यावर फडकं तापवून शेकत बसली.
तिची सात. राहिलेली चार.
अंधारातच म्हणाली, "आमाला कोण इचारलं?"
मग बराच वेळ काय नाही.
मग, "दुखलं काय गं घालताना?"
तिला कळलं असंल का? मला अजून कळलेलं नाही.

पोरगी पेन आपटूलालीय. तिला अजून सात घरं हाईत.
"आक्का, नवरा लिहू? सगळ्याजणी तेच सांगतात."

थांब.
खर्च नव्हता, तो खोड. आशाताईला खोडू नको, वाईट वाटंल तिला.
सासूचं काय लिहिणार, लिहायसारखं नाही ते.

इतर लिही.
पुढं रेघ हाय काय मोकळी?
लिही तिथं, मी ठरवलो.

आणि शाळेतल्यासारखं "ठरवलं" करून
सुधारत बसू नको.