तिरकं धरलं की चालतं

कन्नमवार नगरात जिन्याखाली माझं टेबल,
तीन बाय दोन. वर भिंग, खाली सोल्डरचा वास.
येणारा प्रत्येकजण आधी हेच सांगतो,
तिरकं धरलं की चालतं हो.

कंपनी म्हणते, दहा हजार वेळा घाला-काढा,
पोर्टला काही होणार नाही.
असेल. कंपनीच्या यंत्राचा हात सरळ असतो.
त्याला अंधारात, अर्धवट झोपेत
भोक चाचपावं लागत नाही,
फोन कानाला लावून, वायर ताणत
भिंतीकडे कूस वळवावी लागत नाही.

मी सुईने आत शिरते.
खिशातला बोळा निघतो: निळं सूत, बडीशेप,
एकदा पापलेटचा खवला, टिकलीसारखा.
खाडीकडच्या घरांत पिना हिरव्या पडतात.
निम्म्यांचं काम नुसत्या सुईवर होतं.
त्याचे पैसे मागताना लाज वाटते. मागते.

घोसाळकरांनी आणलेला फोन बायकोचा,
कव्हरवर मोराचं स्टिकर, मान उडालेली.
"तिलाच जमायचं," म्हणाले.
"जरा वर, जरा डावीकडे,
मग वायरीवर चष्म्याचं घर ठेवायची.
मी चार दिवस तेच करतोय.
विजेचं चिन्ह येतं आणि जातं."
ती कुठे आहे, मी विचारलं नाही.
चष्म्याचं घर त्यांनी सोबत आणलं होतं.

भिंगाखाली मधली जीभ कललेली.
एका कडेचं सोनं पार उडालेलं,
दुसरी कड दुकानातून आल्यासारखी.
जन्मभर एकाच अंगावर झोपलेल्या माणसाची
गादी असते, तसं.

वीस मिनिटं. साडेतीनशे रुपये.
नवा पोर्ट खट् म्हणाला.
मी वायर लावली, काढली. त्यांनी लावली, काढली.
इस्त्रीवाल्याच्या पोराने उगाच येऊन लावली.
आता कुणीही लावा.

घोसाळकर तरी उभेच.
"जुना द्याल?"
डबीतून चिमट्याने शोधून काढला,
वालाच्या दाण्याएवढा, काळा पडलेला.
त्यांनी तो बसच्या तिकिटात गुंडाळला,
शर्टाच्या खिशात ठेवला,
सूत साचतं तिथे.

पन्नास सुटे नव्हते. असू दे म्हटलं, नंतर द्या.
फोन तोवर सात टक्के झाला होता.
वायर काढताना त्यांनी सवयीने
चष्म्याचं घर आधी उचललं.