कच्चा दुवा

दोन हजार आठशे चाळीस मीटरवर अवजार अडकलं,
पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी.
काटा चढला, थरथरला,
आणि एलेउतेरिओने विंच थांबवली
झोपलेल्या मुलाखालून हात काढून घ्यावा तशी.

कोमोदोरोच्या पठारावरचा वारा
ट्रकच्या पत्र्याला रात्रभर नखं लावत होता.
मी नवी. माझा हात आपोआप लीव्हरकडे गेला.
"ओढशील आयलीन, पण किती?"

मग त्याने मला हिशेबाला बसवलं.
चिखलात लोंबणाऱ्या तारेचं वजन,
अवजाराचं वजन,
आणि तारेच्या टोकाशी तो मुद्दाम कच्चा ठेवलेला दुवा.
त्याच्या ताकदीच्या पाऊणपटीवर थांबायचं.
तुटेपर्यंत ताणू नये हे सगळ्यांनाच ठाऊक असतं;
किती ताणलं की तुटतं
हे त्याच्या वहीत लिहिलेलं होतं.

त्याने माणसं मोजली,
तारेच्या दोन्ही अंगांची जागा रिकामी केली.
रिगवरचं कुत्रंसुद्धा हाकललं.
"सिरिआको तार ओलांडून कॉफी आणायला गेला होता,
त्र्याण्णव साली.
थर्मास मी त्याच्या घरी नेऊन दिला."
एवढंच. माते माझ्याकडे सरकवला. गार झाला होता.

पाऊणपर्यंत ओढलं. थांबलो. ढील दिली.
पुन्हा.
सकाळपर्यंत अवजार हललं नाही.
त्याच्या पोटात किरणांची कुपी,
म्हणून सोडूनही जाता येईना.

दुपारी आम्ही विहिरीच्या तोंडाशी तार चिमटली
आणि आपल्याच हाताने कापली.
मग पाइपातून ती ओवायची, जोडायची, पाइप खाली सोडायचा,
पुन्हा सोडवायची, पुन्हा ओवायची.
एकशे एक वेळा.
सत्तराव्या खेपेला माझी बोटं
माझी राहिली नव्हती.

रात्री अकराला पाइपाच्या तोंडाने अवजार गिळलं.
वजनात कळलं, बाकी कशात नाही.
एलेउतेरिओ खुर्चीवरून उठला.
"बस. आता ओढ."

पाऊण गेलं. वहीतला आकडा गेला.
माझा श्वास कुठे होता कोण जाणे.
काटा एकदम खाली पडला.
इतक्या खोल काहीतरी तुटलं
आणि वर आवाजसुद्धा आला नाही.

त्याने वहीत वेळ लिहिली, आकडा लिहिला,
आकड्याखाली रेघ मारली.
बाहेर कुत्रं परत आलं होतं.
ढिल्या तारेला हुंगून
तिथेच अंग टाकलं त्याने.